वाचकांचे प्रश्न : अनंतात लहानमोठे कसे ठरते?

मागील अंकात एका उत्तराच्या ओघात मी असे लिहिले होते की, गणितात अनंत एकच नाही. काही अनंत इतर अनंतांपेक्षा खरोखर मोठे असतात. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा सूर ‘हे पटत नाही’ असा आहे. मला त्याचे समाधान वाटते, कारण न पटलेली गोष्ट मुकाट्याने मान्य करणे हे गणिताच्या स्वभावात बसत नाही. एकसारखे प्रश्न एकत्र करून या वेळचे संपूर्ण सदर या विषयासाठी ठेवले आहे.

प्रश्न : सर, १ ते १०० मध्ये सम संख्या ५० असतात, म्हणजे निम्म्या. मग सगळ्या नैसर्गिक संख्या घेतल्या तरी सम संख्या त्यांच्या निम्म्याच असायला हव्यात. त्या ‘तितक्याच’ आहेत असे तुम्ही कसे म्हणता?
– इयत्ता दहावीतील विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : तुझ्यासारखीच अडचण गॅलिलिओलाही पडली होती. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने सम संख्यांऐवजी वर्ग संख्या घेतल्या. १ ला १, २ ला ४, ३ ला ९ अशी प्रत्येक संख्येला तिच्या वर्गाची जोडी लावता येते, म्हणजे वर्ग संख्या नैसर्गिक संख्यांइतक्याच आहेत. पण बहुसंख्य नैसर्गिक संख्या वर्ग नाहीत, म्हणजे वर्ग संख्या कमी आहेत. या पेचातून त्याने असा निष्कर्ष काढला की ‘जास्त’, ‘कमी’ आणि ‘सारखे’ हे शब्द अनंताला लागूच पडत नाहीत. पुढे सुमारे अडीचशे वर्षांनी गेओर्ग कँटर या जर्मन गणितज्ञाने दुसरी वाट धरली : हे शब्द लागू पडतात, मात्र त्यांचा अर्थ आधी नीट ठरवला पाहिजे.

तो अर्थ ठरवण्यासाठी लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आण. किती पाने मांडली आणि किती माणसे आली हे यजमानाला मोजावे लागत नाही. प्रत्येक पानावर एकेक माणूस बसला, एकही पान रिकामे राहिले नाही आणि कोणीही ताटकळत उभा राहिला नाही, एवढे पाहिले की पाने आणि माणसे सारखी आहेत हे निश्चित होते. लहान मूल मोजायला शिकण्याच्या आधी हेच करते. जोडी लावणे ही मोजणीच्याही आधीची गोष्ट आहे. पाठ्यपुस्तकात तू ‘एकास एक संगती’ हे शब्द वाचले असतील, त्यांचा अर्थ एवढाच. कँटरने ठरवले की दोन संचांमध्ये अशी संगती लावता आली तर ते संच सारखे मोठे मानायचे, मग ते सांत असोत की अनंत.

आता १, २, ३, ४ असे बिल्ले लावलेल्या, कधीही न संपणाऱ्या रांगेची कल्पना कर. मी प्रत्येकाच्या बिल्ल्यावरील आकडा खोडून तिथे त्याची दुप्पट लिहिली, तर बिल्ल्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे दिसतील, म्हणजे फक्त सम संख्या. या खाडाखोडीत रांगेतून एकही माणूस बाहेर गेला नाही. मग रांग निम्मी कशी झाली?

तुझा ‘निम्म्या’ हा विचार चुकीचा मात्र नाही. १ पासून कोणत्याही मोठ्या संख्येपर्यंत गेलो तर सम संख्या सुमारे निम्म्याच सापडतात. पण तो दाटपणाचा प्रश्न आहे. संख्या किती अंतरावर पसरल्या आहेत हे तो सांगतो. किती आहेत, हा प्रश्न निराळा. सांत संचांमध्ये या दोन प्रश्नांची उत्तरे कधी भांडत नाहीत, म्हणून ते दोन आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. डेडेकिंड या जर्मन गणितज्ञाने १८८८ साली तर जो संच आपल्याच एखाद्या अपुऱ्या भागाशी एकास एक जुळतो तोच अनंत संच, अशी व्याख्या केली. गॅलिलिओला जो पेच वाटला, तीच अनंताची ओळख ठरली.

अपूर्णांकांचेही असेच आहे. ० आणि १ यांच्या मध्येच अनंत अपूर्णांक खच्चून भरलेले असतात, तरीही त्यांची रांग लावता येते. अंश आणि छेद यांची बेरीज २ असलेला अपूर्णांक प्रथम, मग बेरीज ३ असलेले, मग ४, मग ५ असे घेत जायचे आणि पुन्हा आलेली किंमत गाळायची. म्हणजे १/१, १/२, २/१, १/३, ३/१, १/४, २/३ अशी यादी तयार होते. २/३ चा क्रमांक सातवा आला. प्रत्येक बेरजेचे अपूर्णांक मोजकेच असल्यामुळे कोणताही अपूर्णांक घेतला तरी त्याचा क्रमांक कधी ना कधी लागतोच. ज्यांची अशी यादी करता येते त्या अनंत संचांना ‘गणनीय’ म्हणतात.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे. वास्तव संख्यांची यादी करता येत नाही याची कँटरची ‘कर्ण पद्धती’ची सिद्धता मी अनेकदा वाचली, पण ती मला हातचलाखी वाटते. यादीतून एक संख्या सुटली, तर ती यादीच्या वर लिहून टाकावी. त्यात अडचण कोणती? शिवाय हीच युक्ती नैसर्गिक संख्यांवर वापरली तर त्यांचीही यादी होत नाही असे सिद्ध होईल, आणि ते तर उघडच खोटे आहे.
– पुणे

उत्तर : आलेल्या पत्रांमधील हा मला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटला, कारण आपण सिद्धतेच्या नेमक्या सांध्यावर बोट ठेवले आहे. ज्या वाचकांना ती सिद्धता ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी ती थोडक्यात मांडतो.

समजा, ० आणि १ यांच्या मधील वास्तव संख्यांची कोणीतरी यादी करून आणली. त्या संख्या दशांश रूपात लिहिल्या आहेत : पहिली ०.३१४१…, दुसरी ०.५०००…, तिसरी ०.२७५७…, चौथी ०.१८१८… आणि पुढे अशाच. आता पहिल्या संख्येचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा, असे तिरप्या रेषेवरचे अंक वाचत जायचे. इथे ते ३, ०, ५, ८ असे येतात. मग नवी संख्या अशी रचायची की, तिरप्या रेषेवर ५ असेल तिथे ६ लिहायचा आणि अन्य काहीही असेल तिथे ५ लिहायचा. आपली नवी संख्या ०.५५६५… अशी सुरू होते. ती यादीतील पहिल्या संख्येपेक्षा पहिल्या स्थानी वेगळी आहे, दुसरीपेक्षा दुसऱ्या स्थानी, आणि हजाराव्या संख्येपेक्षा हजाराव्या स्थानी. म्हणून ती यादीत कुठेही असू शकत नाही. नवी संख्या ५ आणि ६ या अंकांनीच बनवण्याचे कारण असे की ०.५००० आणि ०.४९९९… ही एकाच संख्येची दोन रूपे आहेत. ० आणि ९ टाळले म्हणजे रूप वेगळे पण संख्या तीच, हा घोटाळा उद्भवत नाही.

आपला पहिला आक्षेप असा की सुटलेली संख्या यादीत घालावी. जरूर घालावी, पण ती घातल्याबरोबर यादी बदलली, यादी बदलली म्हणजे तिरपी रेषाही बदलली, आणि या नव्या रेषेवरून पुन्हा एक संख्या अशी निघते की जी नव्या यादीत नाही. कँटरचे म्हणणे ‘एक संख्या राहिली’ असे नाहीच. त्याचे म्हणणे असे आहे की तुम्ही कोणतीही यादी आणा, तुम्ही सुचवलेली दुरुस्ती करून आणा, तशा हजार दुरुस्त्या करून आणा. तुमच्या हातात जी यादी असेल तिच्याबाहेरची संख्या मी त्या यादीवरूनच काढून दाखवीन. भांड्याला एक भोक असते तर ते बुजवता आले असते. इथे सिद्ध होते ते असे की न गळणारे भांडे असूच शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नैसर्गिक संख्यांची यादी घेऊन, त्यांच्या डावीकडे शून्ये लिहून तिरपी रेषा काढता येते आणि अंकही बदलता येतात. पण हाती जे येते ते काय असते? डावीकडे कधीच न संपणारी अंकांची माळ. आणि अशी माळ ही नैसर्गिक संख्या नव्हे, कारण प्रत्येक नैसर्गिक संख्येचे अंक संपतात. यादीबाहेरचे काहीतरी सापडले खरे, पण ते ज्या संचाची यादी केली होती त्या संचातले नाही, त्यामुळे यादीला धक्का बसत नाही. अपूर्णांकांच्या यादीवर ही युक्ती वापरली तरी असेच घडते : नवा दशांश आवर्ती नसतो, म्हणून तो अपरिमेय ठरतो. वास्तव संख्यांच्या बाबतीत मात्र दशांशचिन्हापुढील अंकांची कोणतीही न संपणारी माळ ही वास्तव संख्याच असते, पळवाट उरत नाही, आणि सिद्धतेचे सारे बळ या एका गोष्टीत आहे. आपण ज्याला हातचलाखी म्हणता ती पुन्हा एकदा या जागी थांबून पाहावी, अशी माझी विनंती आहे.

कँटरने ही पद्धत १८९१ साली मांडली. पण वास्तव संख्या अगणनीय आहेत हे त्याने त्याआधीच, १८७४ साली, निराळ्या मार्गाने सिद्ध केले होते. त्या लेखातील एक फलित मला फार सुंदर वाटते. पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदी समीकरणांची जी उत्तरे असतात त्यांना बैजिक संख्या म्हणतात. २ चे वर्गमूळ हे त्यांचेच उदाहरण. या सर्व बैजिक संख्यांची यादी करता येते हे कँटरने दाखवले. वास्तव संख्यांची यादी होत नाही, म्हणजे ज्या बैजिक नाहीत त्या बीजातीत संख्याच प्रचंड बहुसंख्य आहेत. आता इतिहास पाहा : ल्यूव्हिलने अशा संख्येचे पहिले उदाहरण १८४४ साली दिले, हर्मितला ई ही संख्या (नैसर्गिक लॉगॅरिथमचा पाया) बीजातीत आहे हे सिद्ध करायला १८७३ साल उजाडले, आणि पाय ही संख्या तशी आहे हे लिंडेमानने १८८२ साली सिद्ध केले. ज्यांचा एकेक नमुना हाती लागायला एवढे कष्ट पडत होते, त्यांनीच संख्यारेषा व्यापलेली आहे.

प्रश्न : १ सेंटिमीटरच्या रेषाखंडावर आणि १ किलोमीटरच्या रेषाखंडावर सारखेच बिंदू असतात, असे वर्गात सांगितले की मुले हसतात. त्यांना काय दाखवावे?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, मुलांना दिवा, काठी आणि भिंत दाखवावी. दिव्यासमोर लहानशी काठी धरली की भिंतीवर लांब सावली पडते. दिव्यापासून निघणारा प्रत्येक किरण काठीला एका बिंदूत आणि सावलीला एका बिंदूत भेटतो. काठीचा एकही बिंदू सावलीवाचून राहत नाही आणि सावलीचा एकही बिंदू काठीवाचून पडत नाही. ही एकास एक संगती झाली. लांबी वाढली म्हणून बिंदू वाढत नाहीत, कारण लांबी ही बिंदूंची गणती नव्हे. ती वेगळ्या प्रकारची मोजणी आहे.

मोठ्या मुलांना यापुढची गोष्टही सांगण्यासारखी आहे. चौरसात तरी रेषाखंडापेक्षा जास्त बिंदू असतील, असे कँटरलाही वाटत होते आणि ते सिद्ध करण्यासाठी तो काही वर्षे झटला. निघाले ते उलटेच. चौरसातील बिंदूचे दोन निर्देशक, समजा ०.२५८… आणि ०.७१३… असे असतील, तर त्यांचे अंक वेणीप्रमाणे एकाआड एक गुंफून ०.२७५१८३… अशी एकच संख्या तयार होते, आणि त्या संख्येवरून मूळचे दोन्ही निर्देशक परत मिळतात. जून १८७७ मध्ये डेडेकिंडला लिहिलेल्या पत्रात कँटरने, एरवी जर्मनमध्ये लिहीत असताना, मध्येच फ्रेंचमध्ये लिहिले : ‘मला हे दिसते आहे, पण माझा त्यावर विश्वास बसत नाही.’ डेडेकिंडने या युक्तीतील एक उणीव दाखवली. ती ०.५ च्या दोन रूपांचीच अडचण होती, आणि कँटरने ती दूर केली. डेडेकिंडला आणखी एक गोष्ट जाणवली : अशा संगतीत शेजारचे बिंदू शेजारी राहत नाहीत. सातत्य राखून चौरस आणि रेषाखंड यांची एकास एक संगती लावता येत नाही, म्हणून मिती ही कल्पना शाबूत राहते; सर्व मितींसाठी याची सिद्धता ब्रौअरने १९११ साली दिली.

प्रश्न : आपल्याकडे भास्कराचार्यांनी आणि त्याही आधी जैन ग्रंथांनी अनंताचा विचार केला होता. मग याचे श्रेय कँटरला देणे हा अन्याय नाही का?
– चाळीसगाव

उत्तर : आपले पत्र चाळीसगावहून आले याचा मला विशेष आनंद झाला, कारण जवळच्याच पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे.

भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ ११५० साली रचला. त्याच्या बीजगणित या भागात, शून्याने भागलेल्या राशीला ते ‘खहर’ म्हणतात आणि लिहितात की, प्रलयकाळी किंवा सृष्टीच्या काळी अनेक जीव आत शिरले वा बाहेर पडले तरी अनंत अच्युतात जसा बदल होत नाही, तसा या राशीत काही मिळवले वा वजा केले तरी विकार होत नाही. अनंतात भर घातली तरी तो तेवढाच राहतो, ही जाण त्या श्लोकात स्पष्ट आहे. पण तो श्लोक एकाच अनंताबद्दल आहे. दोन अनंतांची तुलना तिथे नाही.

जैन परंपरा या बाबतीत पुढे गेली होती असे माझे मत आहे. अनुयोगद्वारसूत्रात संख्यांचे संख्यात, असंख्यात आणि अनंत असे तीन वर्ग केले आहेत आणि त्यांचे पुन्हा पोटभेद पाडले आहेत. सगळे अनंत सारखे नसावेत, ही कल्पना एवढ्या जुन्या काळी इतक्या निःशंकपणे मांडलेली पाहून मन भरून येते. मात्र दोन अनंत समोर ठेवले असता ते सारखे की लहानमोठे, हे ठरवण्याची कसोटी आणि त्या कसोटीवर उतरलेली सिद्धता कँटरकडे प्रथम सापडते. आपल्या पूर्वजांचा मान त्यांनी जे खरोखर केले त्यानेच पुरेसा राखला जातो. त्यांनी न केलेले त्यांच्या नावावर लिहिले, तर केलेलेही संशयास्पद ठरते.

प्रश्न : अनंताचा विचार करता करता कँटरला वेड लागले, हे खरे आहे का?
– नागपूर

उत्तर : नाही, आणि ही कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते याचे मला वाईट वाटते. कँटरला १८८४ पासून तीव्र मानसिक आजाराचे झटके येत होते आणि ६ जानेवारी १९१८ रोजी हाल्ले येथील रुग्णालयात त्याचे निधन झाले, एवढे खरे. क्रोनेकरसारख्या वजनदार गणितज्ञाच्या कडव्या विरोधाने त्याला फार मनस्ताप झाला, हेही खरे. पण आजार हा आजार असतो. तो विचारांच्या विषयामुळे जडला असे म्हणणे रुग्णावर आणि विषयावरही अन्याय करणारे आहे. त्याच्या हयातीतच, १९०४ साली, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सिल्व्हेस्टर पदक दिले. कँटरने आपल्यासाठी निर्माण केलेल्या नंदनवनातून आपल्याला कोणीही बाहेर काढू शकणार नाही, असे डेव्हिड हिल्बर्ट या थोर जर्मन गणितज्ञाने पुढे लिहिले.

प्रश्न : नैसर्गिक संख्यांचा अनंत लहान आणि वास्तव संख्यांचा मोठा, हे समजले. त्याहून मोठा अनंत आहे का? आणि या दोघांच्या मध्ये एखादा आहे का?
– एक गृहिणी, बेळगाव

उत्तर : ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे आणि त्यासाठी एक गाव पुरते. समजा, त्या गावात प्रत्येक गावकऱ्याच्या नावाने एकेक समिती आहे. समितीत कोणीही असू शकते, ज्याचे नाव तिला दिले तो गावकरी असेलच असे नाही. गावात जितक्या निरनिराळ्या समित्या बनू शकतात, त्या सर्वांना गावकऱ्यांची नावे पुरतील का? आता जे गावकरी आपल्या नावाच्या समितीत नाहीत, नेमक्या त्यांचीच एक समिती बनवा. ती पाटलांच्या नावाची असेल, तर पाटील तिच्यात आहेत की नाहीत? असतील, तर नियमाप्रमाणे त्यांना तिथे जागा नाही. नसतील, तर त्यांना तिथे असलेच पाहिजे. पाटलांच्या जागी कोणालाही ठेवले तरी हीच अडचण येते, म्हणून ही समिती कोणाच्याच नावाची असू शकत नाही. गाव अनंत लोकवस्तीचे असले तरी हा युक्तिवाद जसाच्या तसा चालतो. गाव हा संच आणि समित्या हे त्याचे उपसंच समजा, म्हणजे कोणत्याही संचाच्या उपसंचांचा संच मूळ संचापेक्षा मोठाच असतो, त्याच्या उपसंचांचा त्याहून मोठा, आणि सर्वांत मोठा असा अनंत नाहीच. नैसर्गिक संख्यांचे जितके उपसंच, तितक्याच वास्तव संख्या असतात, हेही सिद्ध झालेले आहे.

दुसरा प्रश्न मात्र कँटरला आयुष्यभर छळत राहिला. मध्ये काही नसावे, हे त्याचे अनुमान ‘कंटिन्युअम हायपॉथेसिस’ या नावाने ओळखले जाते. १९०० साली पॅरिसमध्ये हिल्बर्टने नव्या शतकापुढे ठेवलेल्या प्रश्नांमध्ये त्याला पहिला क्रमांक दिला. पुढे कुर्ट गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने १९३८ साली दाखवले की संचसिद्धांताची रूढ गृहीततत्त्वे परस्परविरोधी नसतील, तर त्यांच्या आधारे हे अनुमान खोटे ठरवता येत नाही. आणि १९६३ साली पॉल कोहेनने दाखवले की त्यांच्याच आधारे ते खरेही ठरवता येत नाही. या कामासाठी कोहेनला १९६६ साली फील्ड्स पदक मिळाले.

मग मध्ये काही आहे की नाही? काही गणितज्ञ म्हणतात, युक्लिडचे समांतर रेषांचे गृहीतक मानले तर एक भूमिती मिळते आणि न मानले तर दुसरी. तसेच इथेही दोन्ही पर्याय सारखेच ग्राह्य समजावेत. गोडेलला ते मान्य नव्हते; प्रश्नाचे निश्चित उत्तर आहे, फक्त आपली गृहीततत्त्वे अपुरी आहेत आणि नवी शोधली पाहिजेत, असे तो म्हणत असे. माझा कल गोडेलकडे आहे. पट्टीने कागदावर १ सेंटिमीटरचा रेषाखंड काढला, त्यावरचे काही बिंदू निवडले आणि विचारले की, या निवडीची जोडी नैसर्गिक संख्यांशी लागते, सबंध रेषाखंडाशी लागते, की कोणाशीच लागत नाही, तर या प्रश्नाला दोन उत्तरे असतील हे माझ्या मनाला अजून पटलेले नाही.